पंख्याची विमानं आणि त्यांच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे मामा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर होते. काही वर्षं त्यांची रात्रपाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर असायची. एवढ्या भांडवलावर घरात कोणी ‘डाकोटा’ (त्या काळचं दोन पंख्यांचं विमान) असा शब्द उच्चारला की सगळे माझ्याकडे बघतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

पंख्याच्या विमानांचा काळ म्हणजे नेमका कुठला?

आपल्याकडे तो १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाला असं मानायला हरकत नाही. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी उडवला. जुहूचं विमानतळ तेव्हा चार वर्षांचं होतं.

शेवट सांगणं अवघड आहे. एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ पर्यंत त्यांचा सगळा ताफा जेट झाला. देशांतर्गत मार्गांवर मात्र पंखे पुढेही बराच काळ फिरत राहिले. माझ्या मते हा काळ मुंबईत लवकर संपला, लहान गावांत उशिरा.

तेव्हाचा प्रवास खरंच इतका सुखाचा होता का?

नाही. हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो, पण खोटं कशाला बोलू?

जुन्या जाहिरातींत दिसणारे सूटबूटवाले प्रवासी, चिनी मातीच्या बश्या, अदबीने वाकलेला महाराजा हे सगळं खरं आहे. (तो एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा. तिथल्याच बॉबी कुका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र.) पण देशात फिरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला यायचं ते डाकोटा. आणि त्यातली कित्येक डाकोटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेली मालवाहू विमानं होती. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांची डागडुजी झाली, आत खुर्च्या बसल्या आणि ती प्रवासी विमानं झाली. काल छत्रीधारी सैनिक बसायचे तिथे आज शेटजी.

हवेचा दाब राखायची सोय डाकोटात नव्हती, त्यामुळे ते आठ-दहा हजार फुटांच्या फार वर जात नसे. म्हणजे ढग, पाऊस, उन्हाळ्यातले गरम हवेचे लोट हे सगळं टाळून वरून जाण्याऐवजी त्यातूनच जायचं. मे महिन्यातल्या दुपारी सह्याद्रीवरून गेलेल्या माणसाला डाकोटा कसं होतं ते विचारा. आमची आत्या १९५९ मध्ये एकदाच विमानात बसली. तिला आयुष्यभर दोन गोष्टी आठवत होत्या: खाली दिसलेली गोदावरी आणि शेजारच्या गृहस्थांना दिलेली स्वतःची उलटीची पिशवी. त्यांची भरली होती.

मग इतकी हुरहुर कशाची?

यावर मी बराच विचार केला आहे. डाकोटाबद्दल गहिवरून बोलणाऱ्या दहा जणांना मी विचारतो, “तुम्ही बसला होतात का?” त्यातले आठ-नऊ बसलेले नसतात. ते कुंपणापाशी उभे होते. कोणीतरी काका विलायतेला निघाले होते, हार घातले होते, आजी डोळे पुसत होती, आणि धावपट्टीच्या टोकाला पंखे फिरताना दिसत होते. मराठी घरांतली विमानाची आठवण ही बहुतेक पोचवायला गेलेल्यांची आठवण आहे. जाणाऱ्याला डोकेदुखी आठवते. राहिलेल्याला सगळं स्वच्छ आठवतं, कारण त्याला दुसरं काही कामच नव्हतं.

आणि तेव्हा पोचवता यायचं. विमानापर्यंत नजर पोचायची, शिडीवर चढून मागे वळलेला माणूस ओळखू यायचा. आता दारावर ओळखपत्र दाखवून तो आत गेला की संपलं.

डाकोटात बसल्यावर नेमकं काय काय व्हायचं?

पहिली गोष्ट म्हणजे चढ. डाकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर उभं असताना नाक वर आणि शेपूट खाली. दार मागच्या बाजूला. आत शिरलात की आपल्या खुर्चीपर्यंत चढण चढायची, हातात छत्री, पिशवी, मूल असेल ते सांभाळत. पुढच्या रांगेचं तिकीट म्हणजे पर्वतीच. साधारण २१ ते २८ प्रवासी बसत.

मग इंजिनं सुरू होत. दोन्ही एकदम नाही, एकामागून एक. पंखा आधी आळसावल्यासारखा फिरायचा, दोन-तीन उचक्या, पांढरा-निळा धूर, आणि मग सगळं विमान थरथरायला लागायचं. धावपट्टीवर वेग आला की शेपूट उचललं जाई आणि क्षणभर जमीन सपाट झाल्यासारखं वाटे. तेवढा क्षण मात्र सगळ्यांना आवडायचा, आत्यालासुद्धा.

वर गेल्यावर आवाज. बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन. दोन्ही इंजिनांचे फेरे अगदी सारखे नसतील तर ‘वूँऽ… वूँऽ… वूँऽ’ असा हेलकावणारा नाद येतो. चांगला वैमानिक तो नुसत्या कानाने ओळखून दांडा केसभर सरकवायचा आणि दोन सूर जुळवून एक करायचा. तानपुरा लावावा तसं. पावसाळ्यात समोरच्या काचेच्या फटींतून पाणी वैमानिकांच्या मांडीवर ठिबकायचं, ही डाकोटाची जगभरची ख्याती होती.

पण खिडकीतून खाली दिसायचं! ढगांवरून जाणाऱ्या जेटमधून देश हा नकाशा असतो. आठ हजार फुटांवरून विहिरी दिसतात, बांध दिसतात, रस्त्यावरच्या एसटीमागची धूळ दिसते. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे बघायला वेळही मिळायचा.

कापसाचे बोळे आणि गोळ्या कशासाठी वाटायचे?

कापूस आवाजासाठी. गोळ्या कानाच्या दड्यांसाठी: चघळताना गिळलं जातं, गिळलं की कान मोकळे होतात. तबक फिरवण्याची ही रीत जेट आल्यावरही बरीच वर्षं टिकली. लोक मूठभर गोळ्या उचलून घरी पोरांसाठी आणत, आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे.

इंजिन सुरू होताना एवढा धूर का यायचा? बिघाड असायचा का?

बिघाड नव्हे. या इंजिनांत सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात असे १४, दोन ओळींत. इंजिन बंद असताना तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साठतं आणि सुरू करताना ते जळून धूर होतो. तेल फारच साठलं आणि तसंच जोर लावून सुरू केलं, तर तेल दाबलं जात नाही म्हणून आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हळूहळू फिरवून पाती मोजतात: एक, दोन, तीन… आणि कुठे अडत नाही ना ते बघतात. ज्या इंजिनाखाली तेलाचा थेंब नाही त्यात तेलच नाही असं समज, असं मामांना तिथला एक मेकॅनिक सांगायचा.

नागपूरची रात्रीची टपालसेवा काय होती?

याची वाट बघत होतो.

३० जानेवारी १९४९ ला ती सुरू झाली. कल्पना इतकी सरळ की अजून आश्चर्य वाटतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात भेटायची. नागपूरच का, तर चारही शहरं तिथून साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर. सोनेगावला थैल्यांची अदलाबदल व्हायची, मुंबईच्या विमानात बाकी तिन्ही शहरांचं टपाल, दिल्लीच्या विमानात बाकी तिघांचं, असं. मग प्रत्येक विमान आलं त्या गावी परत. संध्याकाळी मद्रासला पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या सकाळी मुंबईत. १ एप्रिल १९४९ पासून तर वेगळा हवाई आकार न घेता देशातली पत्रं जिथे शक्य तिथे विमानाने जाऊ लागली. आज कुरिअरवाले हीच पद्धत वापरतात आणि इंग्रजी नाव देऊन आपल्यालाच समजावून सांगतात.

ही सेवा व्हावी म्हणून दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी जोर लावला होता. जे. आर. डी. टाटांचा विरोध होता. रात्री उड्डाण करायला लागणारी दिशादर्शक यंत्रणा आणि विमानतळांवरच्या सोयी देशात पुरेशा नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात अर्थातच किडवई देव, कारण मामांची नोकरी. पण टाटांची भीती अगदीच खोटी नव्हती. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडालेलं एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि त्यातले जवळपास सगळे गेले. मामांनी त्याबद्दल कधी स्वतःहून विषय काढला नाही. कोणी काढला तर ते पानाचा डबा उघडायचे.

एरवी मात्र त्यांचं वर्णन थांबत नसे. आधी काळोखात नुसता आवाज. मग कान टवकारून पैज: मुंबई की कलकत्ता? एक उतरलं की दुसरं. चारही उभी राहिली की धावपळ. थैल्यांची तोंडं सुतळीने आवळलेली, गाठीवर शिक्का, आणि प्रत्येक थैलीचा आकडा यादीशी जुळला पाहिजे. एक थैली चुकीच्या विमानात गेली की अख्ख्या मुंबईची पत्रं मद्रासच्या पोस्टमनच्या हाती. थंडीत हात बधिर, उन्हाळ्यात घामाने यादीवरची शाई फुटलेली. विमानांतून प्रवासीही यायचे, ते झोपाळलेल्या डोळ्यांनी उपाहारगृहात चहा घेत बसायचे. चार दिशांची चार भाषांतली माणसं रात्री एक वाजता एका छपराखाली, आणि सगळ्यांची तक्रार एकच, चहा गार आहे.

मला मामांनी एकदा नेलं होतं, दुसरीत असताना. मी अर्धा वेळ झोपलो होतो. पण जाताना मामांनी उठवून दाखवलं ते लख्ख आठवतं: अंधारात इंजिनाच्या नळीतून येणारी निळसर ज्योत. दिवसा ती दिसत नाही. मला वाटलं विमानाला आग लागली. मामा म्हणाले, “अरे, ती चूल आहे त्याची.”

मुंबई ते लंडनचं पहिलं विमान कसं होतं? भाडं किती होतं?

८ जून १९४८, ‘मलबार प्रिन्सेस’. लॉकहीड कंपनीचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, चार इंजिनं, पाठ माशासारखी आणि शेपटीला एकाऐवजी तीन उभी पाती. (एकच ठेवलं असतं तर ते इतकं उंच झालं असतं की तेव्हाच्या हँगरांत विमान मावलं नसतं.) कॅप्टन के. आर. गझदर, प्रवासी ३५, आणि त्यात स्वतः जे. आर. डी. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. १० जूनला लंडन. डाकोटाच्या मानाने हा राजवाडाच, कारण आत हवेचा दाब राखलेला, त्यामुळे पुष्कळ वादळं खाली ठेवून वरून जाता यायचं.

जाहिरातीतलं भाडं होतं १,७२० रुपये. आकडा ऐकून लोक “अरे वा, स्वस्त!” म्हणतात, म्हणून सांगतो: १९४७ च्या पहिल्या वेतन आयोगाने केंद्र सरकारी नोकराचा किमान पगार महागाई भत्त्यासकट ५५ रुपये धरला होता. त्या शिपायाने न जेवता-खाता अडीच वर्षांहून जास्त साठवले असते तर एक तिकीट. म्हणून लोक बोटीने जात आणि बॅलार्ड पियरवर रुमाल हलवले जात.

विमानांना राण्यांची नावं का असायची?

हौस, आणि उत्तम जाहिरात. कॉन्स्टेलेशन होती त्या ‘प्रिन्सेस’: मलबार, राजपूत, हिमालयन, काश्मीर, आणि हो, ‘मराठा प्रिन्सेस’सुद्धा. पुढे आलेली मोठी सुपर कॉन्स्टेलेशन झाली ‘रानी’.

ती विमानं सुरक्षित होती का?

आजच्या मापाने नाही. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं, ४८ माणसं गेली. जेटच्या मानाने ही इंजिनं नाजूक. हजारो हलते भाग, सतत तापलेले. कॉन्स्टेलेशनसारख्या विमानांबद्दल वैमानिकांत विनोद होता की तीन इंजिनांवर चालणारं हे जगातलं उत्तम विमान, चौथं नुसतं सोबतीला.

‘काश्मीर प्रिन्सेस’चा दोष मात्र इंजिनांचा नव्हता. ११ एप्रिल १९५५ ला इंडोनेशियात भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेचे प्रतिनिधी आणि पत्रकार घेऊन ते हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. चिनी पंतप्रधान चौ एन लाय त्यातून जातील या समजुतीने कोणी तरी आत स्फोटक ठेवलं होतं. पंखाशी आग लागलेली असताना कॅप्टन डी. के. जटार यांनी ते समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ जणांपैकी १६ गेले, त्यात जटारही. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. ही दोन नावं आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतात याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात तेव्हा विमानं होती का?

होती, पण पोर्तुगीजांची. १९५५ मध्ये दाबोळी विमानतळ झाला आणि पोर्तुगीज राज्याची स्वतंत्र विमानसेवा निघाली. भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली असल्यामुळे दमण-दीवला आणि कराचीला जायला त्यांना आकाशाचाच रस्ता उरला होता. सावंतवाडीच्या माणसाला दाबोळीचं विमान डोक्यावर दिसायचं, पण त्यात बसून मुंबईला जाता येत नव्हतं.

व्हायकाउंट, फोकर, अ‍ॅव्रो ही पंख्याचीच ना?

पंख्याची, पण जात वेगळी. पंखा फिरवायला आत सिलिंडरांऐवजी जेटसारखं टर्बाइन. धक्के कमी, थरथर कमी, आवाज मात्र कानात घुसणारी शीळ. गंमत म्हणजे तिन्हींत रोल्स-रॉइसचं ‘डार्ट’ इंजिनच होतं, त्यामुळे डोळे मिटून तिन्ही सारखीच. व्हायकाउंट इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ मध्ये आली, तिच्या मोठ्या लंबगोल खिडक्यांवर लोक फिदा होते. फोकरचे पंख छतावर, त्यामुळे खाली बघायला सगळ्यांत चांगलं. अ‍ॅव्रो कानपूरला बनायचं. कट्टर डाकोटावाले या तिघांना आपल्यात घेत नाहीत. मी घेतो, मला वाद आवडत नाहीत.

जुनी विमानं आज कुठे बघता येतील?

महाराष्ट्रातून सोयीचं म्हणजे गोवा. बोगमाळो रस्त्यावर दाबोळीलगत नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे उघड्यावर एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियाची काही ‘रानी’ विमानं पुढे हवाई दलाकडे आणि तिथून १९७६ मध्ये नौदलाकडे गेली, समुद्रावर गस्त घालायला. लंडनच्या प्रवाशांना वाढणारी राणी म्हातारपणी पाणबुड्या शोधत होती! तिच्या पोटाखाली उभं राहून वर बघा, मग चाकांचे खांब किती उंच आहेत ते कळतं.

उडतं डाकोटा बघायचं तर हवाई दलाचं ‘परशुराम’ आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन ते २०१८ मध्ये भारतात आलं. त्याचा क्रमांक व्हीपी ९०५ हा २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाची आठवण म्हणून दिला आहे. कार्यक्रम असेल तेव्हाच दिसतं.

आज पंख्याच्या विमानात बसायचं असेल तर?

एटीआर ७२ चं तिकीट काढा. लहान विमानतळांना जोडणाऱ्या मार्गांवर ती सर्रास असतात. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं तेही एटीआरच. पंख छताला, सत्तरेक प्रवासी, जेटपेक्षा कमी उंची. खिडकी पंख्याच्या फार जवळची घेऊ नका, आवाज जास्त येतो. थोडी मागची घ्या. कोकणात जात असाल तर सकाळचं, कारण दुपारी घाटावर अजूनही तसंच हलतं. तो डोंगर तोच आहे.

घरात आजोबांचं जुनं तिकीट, सामानावरची लेबलं, हवाई टपालाची पाकिटं सापडली. काय करू?

सगळ्यात आधी: लॅमिनेट करू नका. दर वर्षी कोणीतरी मोठ्या प्रेमाने करून आणतं आणि मला काय बोलावं सुचत नाही. सेलोटेप नको, फेविकॉल नको, पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवू नका. पाकिटाची किंमत त्यावरच्या शिक्क्यात असते, तारीख आणि गाव वाचता येणाऱ्या. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून आणि झुरळांपासून लांब. मागच्या बाजूलाही बघा, पोचल्याचा शिक्का अनेकदा तिथे असतो. दोन्ही शिक्के मिळाले तर पत्राला किती तास लागले ते काढता येतं.

मामा गेल्यावर त्यांच्या पेटीत मला असं एक पाकीट मिळालं. आजीने माहेरी, मद्रासला असलेल्या भावाला लिहिलेलं, पत्ता चुकल्याने परत आलेलं. मजकूर चार ओळींचा: सगळे ठीक, पाऊस नाही, धाकट्याला रात्रीची नोकरी लागली आहे, तो म्हणतो की हे पत्र त्याच्या हातातून जाईल.